मोटरसायकलला कुठे कळतं, वर कोण बसलंय?



गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाने नेहमीच्या पिकनिकऐवजी एक वेगळा कार्यक्रम केला होता, आठवतोय ना? गावाबाहेरच्या कार्टिंग ट्रॅकवर लहान मुलांना मिनीमोटो, म्हणजे गुडघ्याएवढी छोटी मोटरसायकल, चालवायला देण्याचा. सूचना आम्हीच लिहिली होती आणि ऑनलाइन फॉर्मही आम्हीच बनवला होता. (आम्ही दोघेही नवरा-बायको आयटीवाले, त्यामुळे मंडळात फॉर्म बनवण्याचे काम आमच्याकडे न विचारताच येते.) सूचनेचा मथळा होता, "मुलांसाठी मिनीमोटो, वय ६ ते १२". चौदा नावे आली. चौदाही मुलगे.

फॉर्म बंद झाल्यावर आमच्या आठ वर्षांच्या लेकीने विचारले, "माझं नाव का नाही दिलं?" दादाचे नाव आम्ही पहिल्याच दिवशी भरले होते, तिला मात्र विचारलेसुद्धा नव्हते. वेळ मारून नेण्यासाठी म्हटले, "तू पुढच्या वर्षी जा हं." आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती दिवसभर कुंपणाला नाक लावून उभी होती.

संध्याकाळी समोसे-चहाच्या वेळी हा विषय निघाला. एक काका म्हणाले, "अहो, त्यात एवढं काय? मोटरसायकल रेसिंग हा ताकदीचा खेळ. मोटोजीपीत एक तरी बाई दिसते का?" दुसऱ्या बाजूने एक ताई म्हणाल्या, "दिसेल कशी? कुणी येऊ देतंय का?" वाद रंगला, समोसे संपले, निकाल काही लागला नाही. आम्ही घरी आलो आणि इंजिनिअर लोक करतात तेच केले. माहिती गोळा करायला बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

काकांचे म्हणणे आधी घेऊ

काकांचे निरीक्षण खरे आहे. २००२ साली ५०० सीसी गटाच्या जागी मोटोजीपी हा सर्वोच्च गट आला, तेव्हापासून त्या गटाच्या शर्यतीत एकही स्त्री उतरलेली नाही. त्याआधी जीना बोव्हेर्ड ही अमेरिकन रायडर १९८२ मध्ये ५०० सीसी गटात उतरली होती, तेवढाच काय तो अपवाद.

ताकद लागते हेही खरे. समोर बसून टीव्हीवर पाहताना वाटते, नुसता कान पिळायचा आणि जायचे. पण साधे गणित करून पाहा. ताशी तीनशे किलोमीटरवरून रेसिंग बाइक जोरात ब्रेक लावते तेव्हा वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट धरला, तर ६० किलोच्या रायडरला पुढे ढकलणारा जोर होतो ९० किलोचा. तो जोर हातांनी, दंडांनी आणि टाकीला आवळून धरलेल्या मांड्यांनी पेलायचा. प्रत्येक मोठ्या वळणाआधी, चाळीस मिनिटे. पुरुष रायडरांचेही हात यात भरून येतात, आणि त्यासाठी कित्येकांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. दंड-खांद्यांची ताकद स्त्रियांमध्ये सरासरीने कमी असते ही शरीरशास्त्रातली साधी गोष्ट आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण मंडळी, इथे एक बारीक फरक आहे, आणि सगळा वाद त्या फरकावर उभा आहे. शंभर मीटर धावण्यात ताकद हाच निकाल असतो. जास्त ताकद म्हणजे जास्त वेग. मोटरसायकल शर्यतीत ताकद ही प्रवेशपरीक्षेसारखी आहे. पास होण्यापुरती हवीच. पण पास झाल्यावर पुढचे गुण दुसऱ्याच गोष्टींचे असतात: ब्रेक कधी सोडायचा, टायर शेवटपर्यंत कसा पुरवायचा, ओल्या ट्रॅकवर किती झुकायचे, पुढच्याला कुठल्या वळणावर गाठायचे. वेग तर इंजिन देते.

याचा सर्वात चांगला पुरावा एक पुरुषच आहे. स्पेनचा दानी पेद्रोसा. उंची जेमतेम १६० सेंटिमीटर, वजन ५१ किलोच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी मुलींपेक्षा किरकोळ देहयष्टी. २००६ ते २०१८ या काळात याने मोटोजीपीच्या ३१ शर्यती जिंकल्या. तीन वेळा वर्षअखेर दुसरा आला. सर्वोच्च गटाचे जगज्जेतेपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. हलक्या वजनामुळे टायर पुरेसे तापवणे त्याला जड जाई, असे त्याच्याबाबत नेहमी बोलले जाई. दोन्ही गोष्टी खऱ्या धरायला हव्यात. लहान चणीला किंमत मोजावी लागते, पण त्या चणीने ३१ वेळा जगातल्या सर्वांना मागे टाकता येते.

वजनाबद्दल आणखी एक गैरसमज आहे. "बाया हलक्या, म्हणून लहान बाइकवर त्यांना फायदाच," असेही काही जण म्हणतात. मोटो३ गटात बाइक आणि रायडर मिळून किमान १५२ किलो वजन भरावेच लागते. रायडर हलका असेल तर बाइकवर वजन चढवतात. तेव्हा तो फायदाही बराचसा कापला जातो.

जिंकलेल्या बाया

आता ताईंची बाजू. "बायका शर्यतीत नाहीतच" हे मुळात खरे नाही. त्या आहेत, फार आधीपासून आहेत.

आम्हा इंजिनिअर मंडळींना जवळची वाटेल ती बिट्रिस शिलिंग. मँचेस्टरला इंजिनिअरिंग शिकलेली. १९३४ मध्ये लंडनजवळच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर स्वतः सुधारलेल्या नॉर्टन मोटरसायकलवर तिने ताशी १०६ मैल वेगाने फेरी मारली आणि तिथला मानाचा गोल्ड स्टार मिळवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची मर्लिन इंजिने एकदम खाली सूर मारताना बंद पडत, त्यावर एका छोट्याशा छिद्राच्या चकतीचा तोडगा काढणारी बाई तीच.

मग बेरिल स्वेन. १९६२ मध्ये आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत एकटीने मोटरसायकल चालवणारी ही पहिली स्त्री. ५० सीसी गटात बाविसावी आली. त्यानंतर काय झाले? शर्यत बायकांसाठी फार धोक्याची आहे असे सांगून तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेण्यात आला. टीटीत पुन्हा एकटी स्वार होऊन स्त्री उतरली ती १९७८ मध्ये, हिलरी मसन. मधली सोळा वर्षे "एक तरी बाई दिसते का?" या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेच होते. पण त्याचे कारण दंडातली ताकद नव्हते, ते परवाना देणाऱ्या कचेरीत होते.

पुढची यादी भरभर सांगतो. फिनलंडची तारु रिन्ने १९८९ मध्ये जर्मनीतल्या होकेनहाइमला १२५ सीसी ग्रांप्रीत सातवी आली. जर्मनीची कात्या पोएन्सगेन २००१ मध्ये इटलीत मुजेलोला २५० सीसी गटात चौदावी येऊन गुण मिळवून गेली. अमेरिकेत सरळ रेषेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये अँजेल सॅम्पी हिने २०००, २००१ आणि २००२ अशी लागोपाठ तीन वर्षे पुरुषांना हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आपल्या भारतातल्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये वाळवंटी बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गट जिंकला.

आणि आता मुख्य नाव. आना कारास्को.

स्पेनच्या मुर्सिया भागातली ही मुलगी. वडील रेसिंगमधले मेकॅनिक. तीन वर्षांची असताना छोट्या बाइकवर बसली. सोळाव्या वर्षी, २०१३ मध्ये, मोटो३ गटात वॅलेन्सियाला आठवी आली. २०१७ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्टिमाओला वर्ल्ड सुपरस्पोर्ट ३०० ची शर्यत जिंकली. एकट्या स्वाराच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत स्त्रीने मिळवलेला हा पहिला विजय. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, इटलीत इमोलाला आणि आपल्या इथल्या डॉनिंग्टन पार्कला तिने शर्यती जिंकल्या. शेवटच्या शर्यतीत फ्रान्समध्ये तेरावी येऊनही एका गुणाच्या फरकाने जगज्जेती झाली. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटात, तेच नियम, तीच सुरुवातीची रेषा. (आणि हो, पालकांसाठी खास: हे सगळे करताना बाई कायद्याची पदवी शिकत होत्या.)

२०२० च्या सप्टेंबरमध्ये एस्टोरिलला सराव करताना ती पडली आणि पाठीचे दोन मणके मोडले. शस्त्रक्रिया झाली. नऊ महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, तिने मिसानोला पुन्हा शर्यत जिंकली.

म्हणजे "स्त्री पुरुषांना हरवू शकते का?" या प्रश्नाचे उत्तर, निदान लहान गटापुरते, २०१८ मध्ये लागून गेले आहे. मोठ्या गटांत मात्र तसे झालेले नाही, हेही कबूल करू. कारास्कोला २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा मोटो३ मध्ये फारसे यश मिळाले नाही. टीटीत सर्वात वेगवान ठरलेल्या जेनी टिनमथने २०१० मध्ये ताशी ११९.९४५ मैलांची फेरी मारली. त्या वेळचा पुरुषांचा विक्रम होता १३१.५७८ मैलांचा. साधारण ९ टक्क्यांचा फरक. यातला किती शरीराचा, किती बाइकचा, किती फॅक्टरी टीमच्या पाठबळाचा, हे वेगळे काढता येत नाही. टिनमथच्या मागे फॅक्टरी टीम नव्हती.

आकड्यांची गंमत

इथे आम्ही आमच्या चौदा नावांच्या फॉर्मकडे परत येतो.

समजा, एखाद्या देशात लहानपणापासून रेसिंग करणारी १००० मुले आहेत आणि त्यात २० मुली आहेत. समजा, गुणवत्ता दोघांची तंतोतंत सारखी आहे. या हजारातून सर्वोत्तम २२ जण निवडले, तर त्यात एकही मुलगी नसण्याची शक्यता किती? जवळजवळ ६४ टक्के. म्हणजे संपूर्ण समानता असूनही तीनपैकी दोन वेळा "एक तरी बाई दिसते का?" याचे उत्तर "नाही" असेच येईल.

हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतलेत, खरी गणती नव्हे. आणि यातून स्त्रिया समान आहेत हे सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते की वर कोणी दिसत नाही यावरून खालच्यांची कुवत ठरवता येत नाही. ज्या पिरॅमिडचा पायाच दोन टक्के आहे त्याच्या टोकाकडे बघून निष्कर्ष काढणे हे चुकीचे टेस्टिंग आहे. आमच्या ऑफिसात असा रिपोर्ट दिला तर साहेब परत पाठवेल.

पाया रुंद झाला की काय होते याचे उदाहरण इथल्याच घोडदौडीत आहे. ग्रँड नॅशनलमध्ये पहिल्यांदा स्त्री जॉकी उतरली १९७७ मध्ये, शार्लट ब्रू. पाचशे किलोचे जनावर, तीस उड्या, ताकद नको का? तेव्हाही हाच वाद झाला होता. २०२१ मध्ये रेचल ब्लॅकमोरने तीच शर्यत जिंकली, आणि पुढच्या वर्षी चेल्टनहॅमचा गोल्ड कपही. मधे ४४ वर्षे गेली. घोडे तेवढेच जड राहिले. स्त्रियांचे स्नायूही त्या काळात बदलले नाहीत. बदलली ती तबेल्यात पोचणाऱ्या मुलींची संख्या आणि त्यांना चांगला घोडा द्यायला तयार होणारे मालक-प्रशिक्षक.

आणि एवढे लांब कशाला जायचे? आपले पुणे बघा. एके काळी स्कूटर म्हणजे पुरुषाचे वाहन होते. जड गाडी, हाताने गिअर, पावसाळ्यात दहा किका मारल्याशिवाय सुरू व्हायची नाही. "बायकांना झेपत नाही" असेच लोक म्हणत. १९७२ मध्ये लूना आली, १९८४ च्या सुमारास बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या आयांनी त्यावर भाजी, दप्तर आणि आम्हाला एकदम वाहून नेले आहे. त्या दहा-बारा वर्षांत पुण्यातल्या बायकांचे दंड काही फुगले नव्हते. गाडी बदलली, आणि "झेपत नाही" हा शब्द आपोआप बाद झाला. अडचण बाईत कमी आणि किकमध्ये जास्त होती, हे तेव्हा कळले.

वेगळी पंगत की तीच पंगत?

सध्याचा ताजा वाद वेगळाच आहे. २०२४ मध्ये फक्त स्त्रियांसाठी सर्किट रेसिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. सगळ्यांना सारखीच यामाहा आर७ बाइक, सारखेच टायर, सहा फेऱ्या, बारा शर्यती. पहिल्या वर्षी कारास्को जिंकली, २०२५ मध्ये मारिया एरेरा. डॉनिंग्टनला ही शर्यत आली तेव्हा आम्ही सहकुटुंब बघायला गेलो होतो. क्रेनर कर्व्ह्जच्या उतारावरून चोवीस बायका एकामागोमाग झुकत खाली येताना बघून लेक ओरडली, "सगळ्याच मुली!" आम्हाला मात्र प्रश्न पडला. ज्या बाईने २०१८ मध्ये पुरुषांना हरवून मुकुट मिळवला, तिला २०२४ मध्ये वेगळ्या पंगतीत का बसवायचे?

विरोधकांचे म्हणणे असे की वेगळा गट म्हणजे छत. प्रायोजक म्हणतील, तुमच्यासाठी शर्यत आहे ना, मग इकडे कशाला? समर्थकांचे म्हणणे असे की छत नव्हे, जिना. आज चोवीस जणींना चांगली बाइक, टीव्हीवर वेळ आणि प्रायोजक मिळतात, ते एरवी दोघी-तिघींनाच मिळाले असते.

मोटारींच्या शर्यतीत हा प्रयोग आधी झाला आहे. २०१९ मध्ये स्त्रियांसाठी डब्ल्यू सीरिज सुरू झाली. तिन्ही हंगाम जेमी चॅडविकने जिंकले, पण तिला फॉर्म्युला वनची दारे काही उघडली नाहीत, आणि पैसे संपल्याने २०२२ चा हंगाम अर्ध्यातच थांबला. तीच तीच बाई जिंकत राहते आणि वर जात नाही, याचा अर्थ जिन्याला वरचा मजलाच नव्हता.

म्हणून आम्हाला वाटते, या नव्या स्पर्धेचे मोजमाप तिच्या विजेत्यांवरून करू नये. विजेत्या पुढच्या वर्षी कुठे जातात त्यावरून करावे. कारास्को २०२५ मध्ये वर्ल्ड सुपरस्पोर्ट या एकत्र गटात गेली. तिथे तिचे जिंकणे सोपे नव्हतेच. पण जिना निदान कुठेतरी उघडतो, हे दिसले. दहा वर्षे असे दर वर्षी एक-दोघी वर जात राहिल्या तर स्पर्धा यशस्वी. नाही गेल्या, तर टीकाकार बरोबर होते म्हणायचे.

आणि भीती?

आता खरे सांगतो. लेकीचे नाव न देण्यामागे ताकदीचा विचार आम्ही केलाच नव्हता. आठ वर्षांच्या मुलामुलींत ताकदीचा असा काय फरक असतो? मनात होती ती भीती. पडली तर? चेहऱ्याला लागले तर? आणि ही भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये डीन बेर्टा विन्यालेस हा पंधरा वर्षांचा मुलगा हेरेसला वर्ल्ड सुपरस्पोर्ट ३०० च्या शर्यतीत गेला. त्यानंतर शर्यतींची किमान वयोमर्यादा वाढवण्यात आली. कोणी पालक म्हणाला की मी माझ्या मुलाला या खेळात पाठवणार नाही, तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही.

पण मुलाला पाठवून मुलीला न पाठवणे, याचे समर्थन आम्हाला करता येईना. डांबर मुलगा-मुलगी बघून खरचटत नाही. दादाच्या गुडघ्याला लागले तेव्हा आम्ही म्हणालो, "काही नाही रे, चालायचंच." तिच्या बाबतीत तेच वाक्य तोंडातून निघाले असते का? १९६२ मध्ये बेरिल स्वेनचा परवाना काढून घेणारे साहेब लोक काही दुष्ट नसावेत. त्यांनाही बहुधा काळजीच वाटत असेल, आमच्यासारखी.

आमचा निष्कर्ष असा. लहान गटांत स्त्रिया बरोबरीने लढू शकतात आणि जिंकू शकतात, हे झालेले आहे. सर्वोच्च गटात जमेल की नाही, हे अजून कोणी दाखवलेले नाही आणि खोडूनही काढलेले नाही. त्याचे उत्तर मिळायचे तर हजारात वीस नव्हे, तीनशे-चारशे मुली सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवातीच्या रेषेवर हव्यात. त्या तिथे पोचतात की नाही, हे आधी आईवडील ठरवतात, आणि मग फॉर्म बनवणारे.

शेवटी त्या सूचनेबद्दल. आपल्या भाषेत "मुले" म्हटले की मुलगेही येतात आणि मुलीही. आम्ही लिहिताना दोघांनाही धरले होते असे आम्ही स्वतःला सांगत होतो. पण चौदा घरांनी ते मुलगे असेच वाचले, आणि आमच्या घरानेसुद्धा. यंदाच्या फॉर्मवर आम्ही "मुलामुलींसाठी" असे लिहिले आहे. पहिले नाव आमच्या लेकीचे आहे. एप्रिलमध्ये ती दोनदा सरावाला जाऊन आली. पहिल्याच दिवशी पडली, कोपर सोलवटले, आणि परतीच्या वाटेवर गाडीत मागे बसून दादाला ब्रेक कसा मारायचा ते शिकवत होती. आम्ही पुढे गप्प बसलो होतो, पोटात गोळा घेऊन.

फॉर्म महिनाअखेरपर्यंत खुला आहे. घरात कुंपणाला नाक लावून उभी राहणारी कोणी असेल, तर तिला एकदा विचारून बघा. काका, तुमच्या नातीलासुद्धा!